सोसायटीचा ओला कचरा आवारातच जिरवायचा तर आधी तराजू आणा, मग पाला जमवा

प्रश्न असा आहे: नवी मुंबईतल्या नेरुळमधली १७६ सदनिकांची सोसायटी. ओला कचरा आवारातच जिरवा, असं महापालिकेने सांगितलं आहे. एक कंपनी चोवीस तासांत खत करणारं यंत्र घ्या म्हणते, दुसरी टाक्या बांधून देते म्हणते. वासाच्या भीतीने काही सभासदांचा विरोध आहे. काय करावं, आणि सुक्या कचऱ्याचं काय?

थेट सांगायचं तर टाक्या बांधा. चोवीस तासांचं यंत्र घेऊ नका. मात्र टाक्यांचं काम काढण्याआधी दोन गोष्टी हाताशी हव्यात: आठवडाभराच्या वजनाची नोंद आणि वाळलेल्या पाल्याचा साठा. सोसायट्यांचे खतप्रकल्प बंद पडतात ते बहुतेक वेळा यातलं काही तरी नसल्यामुळे, आणि त्याचं पहिलं लक्षण म्हणजे वास. तुमच्या सभासदांची भीती अनाठायी नाही. पण ओला कचरा म्हटला की वास येणारच, असं मात्र नाही. ढिगात पाणी जास्त झालंय, कोरडं काही मिसळलेलं नाही आणि हवा कोंडली आहे, एवढंच तो वास सांगत असतो.

नियमांचं आधी उरकून घेऊ. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या बंदिस्त वसाहतींना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. १ एप्रिल २०२६ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांत मोठा कचरा निर्माता, म्हणजे ज्याने ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, तो ठरवायला तीन निकष आहेत: २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्र, दिवसाला ४०,००० लिटर पाण्याचा वापर किंवा दिवसाला १०० किलो कचरा. यातला एक लागू झाला तरी पुरे. घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर पाणी धरलं तर तुमच्या १७६ घरांचा वापर ९५,००० लिटर होतो. त्यामुळे ‘आमचा कचरा शंभर किलो भरतच नाही’ हा युक्तिवाद सर्वसाधारण सभेत कुणी केला तरी तो टिकणार नाही. वर्गीकरणही आता तीनऐवजी चार प्रकारांत करायचं आहे: ओला, सुका, सॅनिटरी (डायपर, पॅड) आणि विशेष काळजीचा (बल्ब, औषधं, रंगाचे डबे).

आता तराजू. शंभर किलोचा साधा काटा आणा आणि सलग सात दिवस, रविवार धरून, रोज सकाळी ओला, सुका आणि उरलेला कचरा वेगवेगळा तोला. चार माणसांच्या घरात ओला कचरा साधारण अर्धा ते पाऊण किलो निघतो. घरटी ६०० ग्रॅम धरले तर तुमच्याकडे रोज १०५ किलो येईल. हा अंदाज झाला. सात दिवसांची नोंद तुमचा खरा आकडा देईल. त्यावर २५ ते ३० टक्के चढवून टाक्यांची क्षमता ठरवा. एप्रिल-मेमध्ये कलिंगडाच्या साली, आंब्याच्या कोयी आणि फणसाची चारखंडं यांनी वजन एकदम चढतं, गणपतीत निर्माल्य वाढतं. जानेवारीतल्या वजनावर बांधलेली व्यवस्था मे महिन्यात ओसंडून वाहते.

यंत्राचा विषय जरा खोलात बघायला हवा, कारण लाखोंची खरेदी त्यावर ठरते. चोवीस तासांत खत देणारी बहुतेक यंत्रं आत हीटर लावून कचरा ढवळत वाळवतात. बाहेर पडते ती तपकिरी भुकटी. तिचं वजन कमी असतं, वासही फारसा नसतो, म्हणून ती खतासारखी वाटते. प्रत्यक्षात ते वाळवलेलं अन्न असतं. कुंडीत घालून पाणी दिलं की कुजणं तिथून पुढे सुरू होतं: भुकटी तापते, बुरशी धरते, माश्या येतात, कोवळी मुळं जळतात. विजेचा हिशेब तर भौतिकशास्त्रच करून देतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट ऊर्जा लागते. १०० किलो ओल्या कचऱ्यात ७० ते ७५ किलो पाणी असतं. त्यातलं ६० किलो उडवायचं तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी दिवसाला ३८ युनिटांच्या खाली जाणं शक्य नाही. पाणी तापवायला लागणारी ऊर्जा, मोटर आणि बाहेर जाणारी उष्णता यात धरलेली नाही. महिन्याला बाराशे युनिटांच्या पुढे धरा. हेच काम टाकीतले सूक्ष्मजीव स्वतःच्या उष्णतेवर फुकट करतात. विक्रेत्याला दोनच गोष्टी लेखी मागा: १०० किलो कचऱ्यामागे रोजचे युनिट, आणि यंत्रातून निघालेली भुकटी ओली करून सात दिवस बंद डब्यात ठेवल्यावर तिला वास येणार नाही याची हमी.

सगळीच यंत्रं टाकाऊ आहेत असं नाही. नुसता चिरून-मिसळून देणारा आणि पुढचं कुजणं क्रेटमध्ये होऊ देणारा प्रकार चालतो. तो खरं तर टाकीचाच भाऊ. पण माझं मत विचाराल तर तुमच्या सोसायटीने घ्यावं असं एकच यंत्र आहे: पाला बारीक करणारं तीन ते पाच अश्वशक्तीचं कटर. बायोगॅसचा विचार इतक्या कचऱ्याला करू नका. मोठं उपाहारगृह किंवा कॅन्टीन असेल आणि गॅस तिथल्या तिथे वापरला जात असेल तरच तो परवडतो.

पाला हा या कामाचा आत्मा

स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) भरपूर आणि कर्ब (कार्बन) कमी असतो. प्रमाण साधारण पंधरा ते वीस कर्बाला एक नत्र. जिवाणूंना लागतो पंचवीस ते तीसला एक. ही तूट वाळलेला पाला भरून काढतो. शिवाय तो जास्तीचं पाणी शोषतो आणि ढिगात हवेसाठी पोकळ्या ठेवतो. एका वस्तूने तीन कामं होतात, म्हणून पाल्याला पर्यायी म्हणून विकलं जाणारं कुठलंही जिवाणूंचं द्रावण पाल्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रमाण लक्षात ठेवा: १०० किलो ओल्या कचऱ्याला १५ ते २० किलो बारीक केलेला वाळका पाला. बादलीच्या मापात एक बादली ओला, तर पाऊण ते एक बादली पाला. अख्खा पाला घातला तर तो थर धरून चटईसारखा बसतो आणि हवा अडवतो, म्हणून चिरणं महत्त्वाचं. आवारातला पाला महापालिकेच्या गाडीत देणं किंवा कोपऱ्यात जाळणं ताबडतोब थांबवा. नवी मुंबईत सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष रस्तोरस्ती आहेत; त्यांची बारीक पानं तर चिरावीही लागत नाहीत. पानगळ साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालते, पाऊस जूनमध्ये येतो. पावसाळ्याचे चार महिने कोरडा पाला मिळणारच नाही. रोज १५ किलो धरले तर १२० दिवसांना १,८०० किलो लागतो. चिरून पोत्यांत दाबून भरला तर तो १० बाय ८ फुटांच्या खोलीत आठ फूट उंचीपर्यंत मावतो. ही खोली टाक्यांच्या आधी बांधा.

तुमच्या आवारात एवढी झाडं नसतील तर मार्च ते मे या काळात वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीच्या फळबाजारात आंब्याच्या पेट्यांतला पेंढा मिळतो. दोन-तीन इंचांचे तुकडे करून तो पाल्याइतकाच चालतो. नारळाच्या काथ्याचा भुसा हा पावसाळ्यातला राखीव उपाय. तो पाणी खूप शोषतो, पण एकटा वापरला तर ढीग घट्ट बसतो, म्हणून पाल्यात मिसळून रोज चार-पाच किलोच वापरा. सुताराकडचा भुसा घ्यायचा असेल तर साध्या लाकडाचाच घ्या. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात चिकटवण्याची रसायनं असतात.

टाक्या

१,००० लिटरची, म्हणजे सुमारे ४ बाय ३ फूट आणि ३ फूट उंचीची टाकी धरा. तुमचा रोजचा कचरा आणि पाला मिळून एक टाकी साधारण पाच दिवसांत भरते, कारण खालचा थर रोज बसत जातो. खत तयार व्हायला चाळीस दिवस लागतात. म्हणून आठ टाक्या: नववी लागेपर्यंत पहिली रिकामी होते. प्रत्यक्षात पंधरा दिवसांत ढीग निम्म्यावर येतो आणि दोन टाक्या एकीत करता येतात. सणासुदीच्या वाढीव कचऱ्याला तेवढीच सवड. चार-चार टाक्यांच्या दोन रांगा, मध्ये चार फुटांची वाट, खत मुरवण्या-चाळण्याची जागा आणि पाल्याची खोली मिळून साडेतीनशे चौरस फूट पुरतात. तीन गाड्यांच्या पार्किंगएवढी ही जागा आहे, आणि खरा वाद इथेच होतो. तो सभेतच मिटवा. काम सुरू झाल्यावर मिटत नाही.

भिंती जाळीदार रचलेल्या विटांच्या, दोन विटांत दीड-दोन इंचांची फट. बंद प्लास्टिकच्या पिंपात शंभर किलोचं काम होत नाही. पुढची बाजू काढता येणाऱ्या फळ्यांची ठेवा, नाहीतर माल उलथायला माणसाला आत उतरावं लागतं. बाहेरून अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड जाळी मारा आणि ती तळाखालीही न्या. नवी मुंबईत घुशी जमीन पोखरून येतात. नुसत्या भिंतींची जाळी त्यांना अडवत नाही. तळाला काँक्रीट हवं आणि त्याला पन्नासला एक उतार. शेवटी पन्हळ आणि तिच्या टोकाला झाकणाचा कॅन. टाकीतून निघणारं तपकिरी पाणी पावसाळी गटारात सोडू नका. तेच दुसऱ्या दिवशी पाल्यावर शिंपडा. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान नऊ इंच उंच ठेवा. नवी मुंबईचे अनेक भाग भरतीच्या पातळीखाली आहेत, म्हणून तर हे शहर वसवणाऱ्या सिडकोने पावसाचं पाणी भरती ओसरेपर्यंत साठवणारे धारण तलाव बांधले. भरती आणि मुसळधार एकाच वेळी आली की आवारात पाणी तुंबतं आणि पाण्यात बसलेली टाकी एका रात्रीत सडते. छपराचे पत्रे तिन्ही बाजूंनी तीन फूट पुढे काढा, कारण इथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. पिण्याच्या भूमिगत टाकीपासून दहा मीटर आणि कुणाच्याही खिडकीपासून सहा मीटर अंतर राखा.

तळाशी सहा इंच फांद्या आणि करवंट्यांचा थर द्या. मग रोजचं काम असं: आलेला कचरा ताडपत्रीवर पसरून प्लास्टिक, रबर, उदबत्तीच्या काड्या वेचायच्या. मोठे तुकडे दोन इंचांपर्यंत तोडायचे. पाला ताडपत्रीवरच नीट मिसळायचा, टाकीत टाकून मग नव्हे. पहिल्यांदा सुरू करताना कुठल्यातरी चालू प्रकल्पातलं चार-पाच किलो तयार खत विरजणासारखं मिसळा. एवढंच ‘कल्चर’ पुरतं. मिश्रण टाकीत ओतून त्यावर दोन इंच कोरड्या पाल्याचं पांघरूण घाला. हे पांघरूण रोज, न चुकता. माश्या आणि वास यांचा निम्मा बंदोबस्त तेवढ्याने होतो.

ओलावा मुठीने तपासा. मिश्रण मुठीत आवळलं तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकावा. धार लागली तर पाला वाढवा, गोळा फुटला तर पाणी शिंपडा. दोन फूट दांड्याचा तापमापक घ्या. दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश सेल्सिअस यायला हवेत. ही उष्णता किमान तीन दिवस टिकली की रोगजंतू, तणांचं बी आणि माश्यांची अंडी मरतात. कडेचा माल मात्र एवढा तापत नाही, म्हणून उलथताना बाहेरचा आत आणि आतला बाहेर करायचा. टाकी भरल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी पहिली उलथापालथ, पुढे आठवड्यातून एकदा. ७० अंशांच्या वर गेलं तर वाट न बघता उलथा, कारण तिथे उपयोगी जिवाणूही मरू लागतात.

शंभर किलोंना एका माणसाचे तीन तास लागतात. हे काम वॉचमनच्या गळ्यात घालू नका. त्यासाठी वेगळा पगार द्या. हातमोजे, गमबूट, मास्क, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अंघोळीला पाणी-साबण ही सोय मेहेरबानी म्हणून नव्हे, कामाचा भाग म्हणून करा. आणि शिकलेला दुसरा माणूस तयार ठेवा. पहिला गावी गेला आणि आठ दिवस कचरा नुसता टाकीत ओतला गेला, तर महिन्याभराचं काम वाया जातं.

काय बिघडतं

कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हवा नाही. पाणी जास्त झालंय किंवा माल घट्ट बसलाय. बाहेर काढून एक बादलीला अर्धी बादली पाला मिसळून परत सैल भरा. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त. यालाही पालाच, पण ढीग न दाबता. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांतला आंबूस वास उलथल्यावर जातो. या कुठल्याही वासावर फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नका. सफाईच्या सवयीने हे हमखास होतं, आणि त्याने वास जात नाही, जिवाणू मरतात. चुनाही नको, तो नत्र अमोनिया करून उडवून देतो.

तापमान चढतच नसेल तर तीन कारणं तपासा: मिश्रण फार ओलं, फार कोरडं किंवा टाकी अर्ध्याहून रिकामी. मुंग्या लागल्या तर ते कोरडेपणाचं लक्षण. तपकिरी, चपट्या, जाडसर अळ्या दिसल्या की सभासदांचा व्हॉट्सॲप गट हादरतो. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. त्यांची माशी अन्नावर बसत नाही आणि अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. पांघरूण जाड करा, त्या खाली राहतील. मासळी, मटणाची हाडं आणि कोलंबीची सालं पहिले दोन महिने टाकीत घेऊ नका. घडी बसल्यावर तापलेल्या ढिगाच्या पोटात, वर दुप्पट पाला घालून चालतात. शहाळी आणि नारळाची करवंटी चाळीस दिवसांत कुजत नाही. ती वेगळी काढून तळाच्या थराला वापरा. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्याही इथे विरघळत नाहीत. त्यांना मोठ्या कारखान्यातली जास्त दिवसांची उष्णता लागते. डब्यात वर्तमानपत्राची घडी घाला, पिशवी नकोच.

दारातला डबा

टाकीत आलेल्या कचऱ्यात पाच टक्क्यांहून जास्त नको त्या वस्तू निघत असतील तर चूक टाकीत नाही, दारात आहे. एक तारीख ठरवा आणि त्याआधी पंधरा दिवस मजल्यामजल्यावर जाऊन समजवा. समजावताना घरमालकांइतकंच घरकाम करणाऱ्या मावशींशी आणि भाडेकरूंशी बोला, कारण डबा प्रत्यक्षात तेच बाहेर ठेवतात. कचरा टाकायचा शूट (वरच्या मजल्यांवरून कचरा खाली सोडायची नळी) असेल तर तो कुलूपबंद करा. शूट चालू असेपर्यंत वर्गीकरण होत नाही, कुणी काय टाकलं हे कळायला मार्गच उरत नाही. सफाई कामगाराला मिसळलेला डबा न उचलण्याचा अधिकार लेखी द्या आणि तक्रार आली तर सचिवांनी त्याच्या बाजूने उभं राहा. पहिल्याच आठवड्यात कमिटी मागे सरली तर पुढे कुणी ऐकत नाही. चुकणाऱ्या घराचं नाव गटावर टाकू नका, दार वाजवून सांगा. त्याने काम लवकर होतं.

‘आम्ही वेगळा करतो आणि गाडीवाले एकत्र करतात’ ही तक्रार तुम्हाला ऐकू येईलच. ओला कचरा आवारातच जिरला की गाडीत मिसळायला ओलं काही राहतच नाही. आवारातल्या प्रक्रियेचा हा मोठा फायदा आहे. तरीही सुका आणि सॅनिटरी एकत्र होताना दिसला तर गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ आणि फोटो जोडून विभाग कार्यालयातल्या स्वच्छता अधिकाऱ्यांना लेखी द्या. ‘नेहमीच करतात’ अशा तक्रारीवर काही करता येत नाही. क्रमांक आणि वेळ असेल तर त्या पाळीचा माणूस सापडतो.

सुका कचरा रोज देऊ नका. तो नासत नाही. कोरड्या खोलीत साठवून आठवड्यातून एक-दोनदा द्या. त्याने तो स्वच्छ राहतो आणि भंगारवाल्याला किंवा महापालिकेच्या गाडीला एका फेरीत पुरेसा माल मिळतो. पुठ्ठा-रद्दी, कडक प्लास्टिक, पिशव्यांचं मऊ प्लास्टिक, धातू, काच अशी पाच पोती पुरतात. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो चिमूटभर तुकडा पुढे कुठल्याच चाळणीत पकडला जात नाही. पिशवी भांडी विसळलेल्या पाण्यातच धुऊन उलटी टांगा. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो रद्दीत चालत नाही. दुकानातलं गुळगुळीत बिलही नाही. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट भाग फाडून टाकीत आणि कोरडा भाग पुठ्ठ्यात. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं भंगारवाला घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. ती वेगळ्या पोत्यात भरून महापालिकेलाच द्या; सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाणं हा त्यांचा त्यातल्या त्यात बरा शेवट.

डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून वेगळ्या डब्यात. त्यासाठी सोसायटीत छोटी भट्टी बसवण्याचा प्रस्ताव येईल, तो नाकारा. त्यातलं प्लास्टिक कमी तापमानाला जळलं की विषारी धूर निघतो, आणि तो तुमच्याच खिडक्यांत जातो. ट्यूबलाइट-सीएफएलमध्ये पारा असतो, त्या फोडू नका. जुन्या खोक्यात उभ्या ठेवा. फुगलेली मोबाइलची बॅटरी कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा, कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर पेट घेते. ई-कचरा वर्षातून दोनदा नोंदणीकृत संकलकाला देऊन पावती घ्या.

खत तयार झालं हे कसं ओळखायचं? चाळीस दिवसांनी माल गडद तपकिरी, पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचा आणि हाताला गार लागतो. तो पंधरा दिवस सावलीत मुरवा आणि चार मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. वरचा चाळ परत नव्या टाकीत. मूठभर खत ओलं करून बंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर अजून कच्चं आहे. दुसरी चाचणी मेथीची: अर्धं खत, अर्धी माती अशा कुंडीत दहा दाणे पेरा आणि नुसत्या मातीत दहा. दोन्हीकडे सारखे उगवले तर खत वापरायला मोकळे. १०० किलो कचऱ्याचं १५ ते २० किलो खत होतं, म्हणजे तुमच्याकडे महिन्याला पाचशे-सहाशे किलो. एवढं तुमच्या बागेला लागणार नाही. एक भाग खत आणि तीन भाग माती असं कुंड्यांचं प्रमाण सांगून दोन-दोन किलोंच्या पिशव्या सभासदांना द्या. उरलेलं शेजारच्या सोसायट्यांना आणि रोपवाटिकांना विका. आपल्या भाजीच्या देठांचं खत घरी आलं की वर्गीकरणाला नाखूश असलेली घरंही डबा नीट ठेवू लागतात.

एक वही टाक्यांपाशी बांधून ठेवा: तारीख, ओला किती किलो, वेचून काढलेला किती, कोणती टाकी, तापमान, खत किती निघालं. महापालिकेची तपासणी आली की हीच दाखवायची, आणि काही बिघडलं तर कारणही हिच्यातच सापडतं.

राहिला प्रश्न सुरुवातीचा. जून ते सप्टेंबरमध्ये टाक्या सुरू करू नका. पाल्याशिवाय आणि ओल्या हवेत पहिलीच टाकी नासली तर वासाला घाबरणाऱ्यांचं मत पक्कं होतं आणि पुढची तीन वर्षं विषय सभेत येत नाही. पावसाळ्यात वजनं घ्या, दारातलं वर्गीकरण बसवा, बांधकामाचे दर मागवा. दिवाळीनंतर पाल्याची खोली आणि टाक्या बांधा. जानेवारीत पानगळ सुरू झाली की आधी दोनच टाक्या दोन मजल्यांच्या कचऱ्यावर चालवा. मार्चअखेर त्यांचं खत चाळून सगळ्यांना दाखवा आणि मगच उरलेले मजले जोडा. मे संपेपर्यंत पाल्याची खोली छताला टेकलेली असू द्या.